इरी गेलेलं पीठ

हे मी आजवर कुणाला बोलले न्हाई. लेकीला न्हाई, सुनेला न्हाई. तुमाला सांगायलेय — कामून, ते मला बी ठावं न्हाई.

भालकीत माझा कडक भाकरीचा धंदा हाय. नवरा लवकर गेला, सगळी उमर चुलीपुढं गेली — ते जाऊ द्या, ते सांगायला बसले न्हाई. आता आठ बाया हायत कामाला. खानावळीला भाकर जाती, लग्नाला जाती. नवी बाई ठेवायची तर माझी एक रीत. सगळ्यांपुढं परातीला बसवायचं, पाच भाकरी थापायला लावायच्या. चिरल्या न्हाईत तर काम तिचं. नातं बघत न्हाई, वळख बघत न्हाई. लोक म्हणतात, अक्काचा न्याव सरळ.

सरळ?

दोन वर्सं झाली. जागा एक, अन् बाया आल्या दोन. एक बसवकल्याणकडची तरणी. दुसरी सुगला. सुगला म्हंजे माझ्या सासरची शेजारीण, माझ्यापेक्षा थोरली. मी नवी नवरी होते तवा मला भाकर येत नव्हती. सासू चुलीपुढून हाकलायची. सुगलानं तिच्या गोठ्यात बसवून शिकवलं. अन् मी? मी माझ्या कामाच्या बायांना सांगायची, हा माझ्या आईचा हात हाय. ती कामाला आली तर कळंल की न्हाई सगळ्यांना? उद्या बाया कुणाचं ऐकतील — माझं का तिचं? लेक तिला टाकून पुण्याला गेलता. काम लागलं तरच चूल पेटणार, हे ठावं होतं मला. तरी —

तरी मी आत गेले. तरणीला सकाळीच गिरणीतून आणलेलं पीठ दिलं. सुगलाला मागच्या डब्यातलं, दोन महिन्यांचं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की इरी जाती. चिकटपणा ऱ्हात न्हाई. कुणी बी थापा, चिरतंय.

सुगलानं पिठात हात घातला, अन् थांबली. तिला कळलं. कळणार न्हाई व्हय? उकळतं पाणी मागितलं असतं तरी भाकर जमली असती. मागितलं न्हाई. माझ्याकडं बघितलं, अन् थापायला लागली.

पयली चिरली. दुसरी चिरली. एक बाई म्हणली, "मावशे, भाकर करायलीस का गोधडी फाडायलीस?" सगळ्या हसल्या. मी हसले न्हाई. त्यांला गप बी केलं न्हाई.

तिसरी तुटली तशी सुगलानं हात झटकले. "गंगू, माझा हात गेला गं आता. त्या पोरीला ठेव, चांगली हाय." सगळ्यांपुढं बोलली. मग पदरानं हात पुसत गेली.

त्या हिवाळ्यात ती ऊसतोडीच्या टोळीसंगं गेली, मोळ्या बांधायला. सत्तरीला टेकलेली बाई. आली ती कंबरंत वाकून.

बाजारात भेटती कधी. "धंदा बरा चाललाय का गं?" म्हणती.

मी म्हणते, "चाललाय." अन् दुसऱ्या अंगाला वळते.