चांगल्या मनाची छत्री

न्यायालयाच्या फाटकाबाहेर बसून मी गेली अनेक वर्षे अर्ज लिहितो. बहुतेक कलमे मला मुखोद्गत आहेत. तरीही पिशोरच्या त्या बाईपुढे मी अडलो.

तिच्या मुलाला कोठडीत मारहाण झाली होती. मानवाधिकार आयोगाच्या ज्या महिला अधिकाऱ्याने चौकशी करून अहवाल दिला, तिच्यावरच संबंधित फौजदाराने खटला भरला होता.

"त्या ताईला काय झालं तर माझ्या पोराचं कोन ऐकंल, भाऊ? तिच्यासाठी लिवा."

शिरस्त्याप्रमाणे मी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. शाई लावलेला अंगठा वर धरून बाई ऐकत होती. 'सद्भावनेने केलेल्या कृतीस कायद्याचे संरक्षण आहे' या वाक्याशी तिने मला थांबवले.

"म्हंजी?"

"चांगल्या मनाने सरकारी काम केले, तर खटला चालत नाही, बाई."

"फौजदार बी तेच म्हनला. चांगल्या मनानंच मारलं म्हनं. मग त्यालाबी हीच छत्री का?"

"दोन्हींत फरक आहे," मी अधिकारवाणीने म्हणालो. "कोणता, ते न्यायालय ठरवील."

"अन् तवर?"

मी चष्मा पुसू लागलो. बाईने कागदावर अंगठा उमटवला.

"ऱ्हाऊ द्या. तवर ताई तरी भिजाया नको."

उरलेली शाई केसांना पुसून ती निघून गेली. तो फरक मी अजून शोधतो आहे.