सुतळीच्या गाठी

बागेत पानं गोळा होतात तसे किस्सेही होतात. सकाळी झाडून काढा, दुपारी तेवढेच पुन्हा पडलेले! यंदा चैत्रात टेकडीवरचं गवत पेटलं, आग खाली उतरली आणि दोन तासांत आमच्या गावची बाग काळी झाली. झाडायला पानं उरली नाहीत. किस्से तेवढे पडून राहिले. मला लिहिता येत नाही. मी सांगतो, नात लिहिते.

तीस-पस्तीस वर्षं झाली, मी या बागेचा माळी. आमच्याकडे एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की लोक त्याच्या नावाचं झाड इथं लावतात, बुडाशी टिनाची पाटी ठोकतात. पाटी मला वाचता येत नाही. पण पाणी घालायला कोण येतं, त्यावरून कोणतं झाड कोणाचं ते तोंडपाठ!

*

आग विझवायला रेतीच्या लाल बादल्या होत्या आमच्याकडे. चांगल्या आठ! पण स्टोअरमध्ये, कुलपात. चोरीला जाऊ नयेत म्हणून. किल्ली बागेच्या साहेबांकडे आणि साहेब मीटिंगला. चौकीदार गुलाबराव आणि मी निंबाच्या फांद्यांनी आग झोडपत राहिलो. मी दमून बसलो, तो तसाच आगीत शिरला.

सगळं विझल्यावर साहेब आले. कुलूप काढलं, बादल्या मोजल्या.

"पहा, एकही गेली नाही!"

*

गुलाबरावचे दोन्ही हात भाजले. दीड महिन्यानं कामावर आला. आता हजेरीला मशीन आहे, अंगठा ठेवायचा. त्यानं ठेवला. मशीन ओळखच देईना! अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या.

क्लार्क म्हणाला, "गैरहजर लावा लागते, गुलाबराव. माह्या हातात काही नाही."

गुलाबरावनं आपले दोन्ही हात त्याच्या टेबलावर ठेवले. "तुमच्या हातात नाही. माह्या हातात काय रायलं, ते पाहून घ्या."

गैरहजेरी लागलीच.

*

पंचनामा आगीनंतर आठवड्यातच झाला. पाट्या जळून कोऱ्या झालेल्या, यादी कुठंच नाही. साहेब म्हणाले, "बाबा, तुम्ही चला सोबत."

मी चालत चालत सांगू लागलो. "हे मास्तरीणबाई. हे नेरचे कंडक्टर. ते दोन कडूनिंब, जुळ्या पोरी होत्या."

साहेब लिहीत होते. मधेच विचारलं, "यातले मेले किती?"

"सगळेच, साहेब. म्हणून तं झाडं लावली."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

*

नागपूरहून प्लॅनवाले आले. लॅपटॉपवर नवी बाग दाखवली. हिरवंगार लॉन, सगळ्या नावांची एक भिंत आणि वर उडणारे पक्षी! मी विचारलं, "हे पाखरं कोनते जी?"

"ते असेच टाकलेत, आजोबा. शोभेसाठी."

आमची पाखरं होळीनंतर घरटी करतात. टिटवीची अंडी मी स्वतः राखेतून उचलली होती, उकडलेली. पण ते त्या प्लॅनमध्ये कुठं सांगणार?

एक गोष्ट मी मागून घेतली. म्हटलं, जळालेलं झाड बुडातून फुटतं, जरा थांबा. साहेब भले, ऐकलं. ठरलं असं, जूनच्या सुरुवातीला पाहणी. जे झाड फुटलं, ते जागेवर राहील. जे नाही फुटलं, त्याची जागा प्लॅनमध्ये जाईल.

*

आता माझी गोष्ट, आजवर कोणाला सांगितली नव्हती.

बागेतलं झाड उन्हाळ्यात वाळतं, कधी त्याला वाळवी लागते. पण माणूस एकदा गेलेला असतो, घरच्यांना तेच पुन्हा कसं सांगायचं? मी गुपचूप त्याच जातीचं, जमेल तेवढं मोठं झाड आणून त्याच खड्ड्यात लावायचो. पाटी तीच. कोणाच्या लक्षात आलं नाही.

वच्छलाबाईंचा बहावा मी असा दोनदा बदलला. अंगणवाडीत मदतनीस होत्या त्या. एकुलता एक मुलगा मिलिंद वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकखाली गेला, त्याच्या नावाचा तो बहावा. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला यायच्या, "जयभीम, भाऊ," म्हणायच्या, आणि बुंध्याला सुतळी गुंडाळून माप घ्यायच्या. वेढा जिथं पुरा होईल तिथं गाठ. तीच सुतळी पुन्हा पिशवीत.

प्लॅनमध्ये त्या बहाव्याच्या जागी नेमका सेल्फी पॉइंट आला होता.

*

मे महिनाभर आम्ही राखेला पाणी घातलं. हळूहळू फुटायला लागलं. मास्तरीणबाई फुटल्या, कंडक्टर फुटले. एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या करंजाला कोंब पाहून मला म्हणाले, "असीच होती ते. कोनाचं ऐकत नवती!" आणि तिथंच खाली बसून रडले.

जुळ्या पोरींपैकी एकच फुटली.

वच्छलाबाई रोज टिनाच्या डबकीतून पाणी आणून काळ्या खुंटावर ओतायच्या. "फुटंल ना, भाऊ?"

"फुटंल."

मी नखानं साल खरवडून पाहिली होती. आत हिरवं काहीच नव्हतं. पार बुडापर्यंत कोळसा!

*

पाहणीच्या आदल्या दिवशी मी दिग्रसला गेलो. नर्सरीतून बहाव्याचं रोप घेतलं, एसटीत मांडीवर धरून आणलं. खुंटाच्या मुळाशी लावलं, माती दाबली, दांड्याला कोळसा चोळला. लांबून पाहिलं तर कोंबच!

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पहिल्याच रांगेत कोणीतरी नुसती फांदी खोचून ठेवलेली, ती साहेबांच्या हातात आली. साहेब चिडले. मग काय, प्रत्येक कोंब ओढून पाहायला लागले! गुलाबराव हळूच म्हणाला, "काहून घाम येऊन राह्यला, सदूभाऊ?"

बहाव्यापाशी आलो. वच्छलाबाई तिथंच बसल्या होत्या. साहेब वाकले, हात पुढं केला.

"थांबा, साहेब. पयले मले माप घेऊ द्या."

पिशवीतून सुतळी काढली. रोपाच्या बारक्या दांड्याला गुंडाळली, गाठ मारली.

साहेबांनी विचारलं, "बाई, हे मूळचंच आहे ना?"

"मूळचंच हाय. दरवर्षी माप घेतो मी याचं, मले नाही समजनार?"

साहेबांनी हात मागं घेतला. "जिवंत," म्हणत कागदावर लिहिलं. पुढच्या झाडाकडे गेले.

मी तिथंच उभा. वच्छलाबाईंनी ती सुतळी माझ्या हातात दिली. मला अक्षर येत नाही, पण गाठ वाचता येते. एकेक गाठ पुढं पुढं गेलेली. मग एकदम मागं. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. आणि आजची, अगदी सुरुवातीच्या टोकाशी.

बाईंनी सुतळी परत घेतली, पिशवीत ठेवली, आणि डबकीतलं पाणी रोपाला घातलं.

"चवथं हाय, भाऊ. याले तरी जपा."