मल्लाप्पाच्या बोटीची शॅकल

अणदूरचा मल्लाप्पा आणि वाशीचा मी. दोघंही निजामाच्या मुलखातले. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत सोलापूर गाठून नेव्हीत भरती झालो आणि ट्रेनिंगला शिडाच्या बोटीवर आलो. कोकणातली पोरं विचारायची, तुमच्याकडं विहिरीला तरी पाणी असतं का? मल्लाप्पा म्हणायचा, "असतंय की. पिता येतंय."

पहाटे फॉल-इनला रांगेत उभं राहणं, मग बोट धुणं, मग दोर आणि कड्या तपासणं. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तारेचे ताण असतात. ते बोटीच्या कडेला ज्या कडीनं अडकवतात ती शॅकल. मूठभर वस्तू, पण ती तुटली की डोलकाठी आडवी. ती काशाची हवी. स्टोअरमधून नव्या आल्या त्या पिवळ्याधमक होत्या. थोड्याच दिवसांत रंग सुटला, खाली गंजकं लोखंड दिसलं.

आमच्यावरच्या अंमलदाराला, पेटी ऑफिसरला, मी रिपोर्ट दिला. त्यांचं उत्तर, "माल पास झालेला आहे. उद्या मोठे साहेब येतायत. बोट निघेल."

मल्लाप्पाच्या घरी बैलगाड्या. आसाची खीळ गंजली की घट्ट बसते, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. तो म्हणाला, "गंज धरला म्हंजी सुटत न्हाय, वाशीकर. गप ऱ्हा."

गाडीला ते खरं. खाऱ्या पाण्यात गंज धरत नाही, खातो.

दुसऱ्या दिवशी वारा चढला. बोट वळवायची ऑर्डर आली, "रेडी अबाउट." बोट वळली, सगळा जोर वाऱ्याच्या बाजूच्या एका शॅकलवर आला. कट्‌ आवाज झाला. मल्लाप्पा शिडाचा दोर धरून समोरच्या बाजूच्या ताणापाशी बसला होता. डोलकाठी त्याच्यावर आली. किनाऱ्याला लागेपर्यंत तो गेला.

चौकशीत ठरलं, खलाशाची, म्हणजे मल्लाप्पाची, हयगय. माझा रिपोर्ट कुणी काढला नाही. लोखंडाला रंग फासून काशाच्या भावानं विकणारा ठेकेदार कोण, हेही कुणी विचारलं नाही. तो आजही माल पुरवत असेल.

नेव्हीतून सुटून आलो तो आधी अणदूरला गेलो. त्याच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "आमच्या पोराची चूक व्हती का?"

"न्हाय, अप्पा. माल खोटा व्हता."

तुटलेली शॅकल मी तेव्हाच उचलून ठेवली होती, ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी नखानं रंग खरवडला, खालचं लोखंड बघितलं. मग परत दिली. "हे घरात नको. ज्यांनी पास केली त्येंना दाव."

तेव्हापासून खिशात घेऊन फिरतोय. सभेत दाखवतो, कचेरीत दाखवतो. लोक हातात घेतात, परत देतात. दाखवून दाखवून थकलो.

कागदावर अजून हयगयच आहे. डोलकाठी आडवी झाली तेव्हाही मल्लाप्पानं हातातला दोर सोडला नव्हता. आम्हाला तो मुठीतून सोडवावा लागला.