तांबड्याची उजवी बाजू

केजच्या घरी बसून मी मोबाइल अ‍ॅपचे पडदे डिझाइन करते. भावकीला वाटतं, ही दिवसभर चित्रं काढते आणि फुकटचा पगार खाते. वाटू दे.

गेल्या वर्षी जनावरांच्या खरेदीविक्रीचं एक अ‍ॅप माझ्याकडं आलं. बाजारात माणूस जनावराभोवती फिरतो, अंगावरचे केसांचे भोवरे बघतो. पडद्यावर मात्र जनावरालाच फिरवावं लागतं. म्हणून नमुन्याला एक त्रिमितीय बैल हवा होता. मी आमचा तांबडा घेतला. तो गेला तेव्हा मी पुण्यात होते. येईपर्यंत त्याला पुरलंही होतं. तेव्हापासून माझे वडील, आबा, त्याच्याबद्दल एक अक्षर काढत नव्हते. त्यांना तो पुन्हा बघायला मिळावा, हाच माझा खरा हेतू.

फोटो सगळे पोळ्याचे, जोडीचे. तांबडा कायम डावीकडं, त्यामुळं त्याची उजवी बाजू दर फोटोत जोडीदाराआड. मी डावी बाजू नीट घडवली आणि तीच आरशातल्यासारखी उलटून उजवीकडं लावली. सॉफ्टवेअरमध्ये हे एका क्लिकचं काम. मग त्याला फिरता केला, शेपटी हलवली, श्वासाबरोबर पोट जरा वरखाली केलं. खरं सांगायचं तर स्वतःवरच खूश झाले.

लॅपटॉपच्या टचस्क्रीनवर मी तो आबांना दाखवला. त्यांनी बोटानं बैल हळूहळू फिरवला. उजवी बाजू आली तसं बोट थांबलं.

"ही त्याची न्हाई," ते म्हणाले. "डाग कुठंय?"

"कसला डाग?"

"पोट फुगून पडलता त्यो. जनावराचा डाक्टर युसूफवडगाव गावाला गेलता. लोक म्हनले, डाग द्या. मी इळा तापवला अन् बरगडीवर दिला. तिसऱ्या दिवशी गेला."

घरात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला राग आला. आबांचा, त्या लोकांचा, आणि पुण्यात बसून राहिलेल्या माझाही. पण आबांचा चेहरा बघून मी म्हटलं, "जाऊ द्या आबा. बिनडागाचाच असू द्या, चांगला दिसतोय."

"चांगला दिसतुय, पर आपला न्हाई त्यो. घाल."

मग ते सांगत गेले आणि मी करत गेले. मागून तिसरी बरगडी. डाग वीतभर लांब, खालच्या टोकाला वाकलेला. "आजून खाली," ते म्हणाले. मी दोनदा सरकवला. जागा त्यांना पेरापेरानं ठाऊक होती, आणि ती सांगताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही.

काम झाल्यावर मी अ‍ॅनिमेशन पुन्हा सुरू केलं. तांबडा फिरला. डागाची बाजू समोर आली, तसं आबांनी बोट टेकवून त्याला थांबवलं.

"पुढं फिरवू का?" मी थोड्या वेळानं विचारलं.

"नगं," ते म्हणाले. "डाग देताना त्यानं मान वळवून माझ्याकडं बगितलं. मीच दुसरीकडं बगितलं. आता बगू दे जरा."