मडिवाळप्पाची हाक

उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेजवळ तारामतीबाईंचं शेत आहे. मडिवाळप्पा तिथं कैक वर्षांपासून सालगडी. बैल, औत, राखण, सगळं त्याच्याकडं. बोलणं थोडं, तेही निम्मं कानडीत. मधमाश्यांचं मोहोळ दिसलं की मात्र वाट सोडून लांबून जायचा. लोकांना वाटे, भितो.

गोष्ट उलटी होती. लहानपणी तो तोंड मिटून गुणगुणला, की माश्या येऊन अंगावर बसत. एकदा त्या लग्नाच्या मांडवात आल्या. चावल्या कुणालाच नाहीत, पण पळापळीत एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. पोरानं करणी केली, असं गाव म्हणालं. आईनं त्याला मामाकडं धाडताना शपथ घातली, पुन्हा त्यांना बोलवायचं नाही. आई गेली तरी त्यानं शपथ पाळली.

गेल्या साली तारामतीबाईंनी सूर्यफूल पेरलं. फुलं मोठाली आली, पण आधी उमललेल्यांत दाणे पोचट. फवारे मारून मारून शिवारात माशीच उरली नव्हती. सून पुनम हाताला फडकं गुंडाळून एकेका फुलावर परागकण फिरवू लागली. ती पोटुशी होती. भादव्याच्या उन्हात तिला घेरी आली.

मडिवाळप्पानं तिला सावलीत बसवलं, पाणी पाजलं. "आता हलू नको, पोरी. भिऊ बी नको," म्हणाला आणि फुलांत शिरला.

"बा तायी, बा," ये गं माय, ये, असं कानडीत म्हणून तो गुणगुणू लागला. बराच वेळ काहीच झालं नाही. आवाज म्हातारा झाला होता. त्या ओळखणार नाहीत, असं त्याला वाटलं. मग मनगटावर एक माशी बसली. पाठोपाठ ओढ्याकडून घोंघाट आला आणि त्याचे खांदे, पटका, बाह्या माश्यांनी झाकून गेल्या. तो फुलाजवळ हात नेई, तशा त्या उतरत.

परतला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"कुणाला सांगू नको. गाव हाकलून देतंय."

"कोण हाकलतंय?" पुनम म्हणाली. "आत्याबाईंनी बी बघितलंय."

तारामतीबाई बांधावर उभ्या होत्या. "इतकी वर्षं हे पोटात ठिवून ऱ्हायलास," त्या म्हणाल्या. "जड न्हाई झालं?"

"लई झालं, बाई."

उशीर झाला होता, कडेची आधी उमललेली फुलं पोचटच गेली. मधली मात्र भरून खाली वाकली. शेजारचा रामकिशन येऊन बघून गेला, मग म्हणाला, "माझ्या करडईत बी येशाल का?"

"येतो. पण फुलाच्या दिसांत फवारा बंद."

रामकिशन कुरकुरला, पण हो म्हणाला.

हिवाळ्यात मडिवाळप्पा करडईच्या बांधानं गुणगुणत निघाला, तशा खुरपणाऱ्या बाया थांबल्या. त्यातल्या गुरम्मानं घाबरतच हात पुढं केला.

"माझ्या हातावर बसंल का एक?"

"बसंल की."

बसली. गुरम्मा श्वास रोखून तिच्याकडं बघत राहिली.