आईला कुठलं फूल आवडतं

बाबा गेल्यावर आई पुण्याचं घर बंद करून आमच्याकडे दुबईत, अल बर्शाला राहायला आली. पहिलं वर्ष तिला बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पोट दुखायला लागलं. तपासण्या संपल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय, आता फक्त दुखणं कमी ठेवायचं. घरी येऊन मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग मला पुन्हा हॉस्पिटलात नेऊ नकोस." एवढंच.

जानेवारीत तिचा वाढदिवस होता. हा शेवटचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. साडी देण्यात अर्थ नव्हता, खाणं जवळजवळ सुटलं होतं. मी ठरवलं, फुलं द्यायची.

"मम्मा, जस्ट ऑर्डर ऑनलाइन," लेक म्हणाली. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, हे आमच्याकडे नेहमीचंच. मॉलमधल्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने सांगितलं, आईसाठी कार्नेशन नेतात, लिलीही चालेल. प्रत्येक फुलाचा अर्थ तिला पाठ होता. पण त्यातला एकही अर्थ माझ्या आईच्या जवळपास जात नव्हता. मला तिच्या आयुष्यातलं फूल हवं होतं, आणि ते मोगरा आहे याबद्दल मला शंका नव्हती.

आमच्या लहानपणी बाबा बँकेतून येताना केव्हातरी पानात बांधलेला गजरा आणायचे. आई मान खाली घालून पुडी घ्यायची आणि आरशासमोर न जाताच गजरा माळायची. ती लाजतेय असं मला वाटायचं. नवरा-बायकोतलं प्रेम म्हटलं की मला तेच दिसायचं. बाबा गेल्यापासून तिने केसांत फूल घातलं नव्हतं. बाईने विधवा झाल्यावर फुलं सोडायची, हे मला पटतच नव्हतं. इथे दुबईत तुला कोण बघायला येणार आहे, असं तिला म्हणायचं हेही मी ठरवून टाकलं होतं.

वाढदिवसाला ऑफिसात हाफ डे टाकला आणि बर दुबईत गेले. भारतातून विमानाने आलेले गजरे तिथल्या जुन्या गल्लीत ओल्या कागदात गुंडाळून ठेवलेले असतात. घरी आले तेव्हा आई उशीला टेकून बसली होती. मी पुडी उघडली. खोलीभर वास पसरला.

"बाहेर ठेव ते," आई म्हणाली.

"मळमळतंय का वासाने?"

"नाही. बाहेर ठेव."

मी माझं ठरवलेलं बोलायला लागले. कोण बघतंय, कसले नियम, बाबांनाही आवडलं असतं. तिने मला पुरतं बोलू दिलं.

"विधवेचं काही नाही गं ते," ती म्हणाली. "तुझे बाबा गजरा कधी आणायचे?"

"अधूनमधून. खुशीत असले की."

"आदल्या रात्री हात उचललेला असला की आणायचे. तुम्ही झोपलेले असायचात."

ती खिडकीकडे बघत सांगत होती, आवाज अजिबात हलत नव्हता. "आणि माळावा लागायचा. नाही माळला तर, अजून राग धरून बसलीस का, म्हणून पुन्हा."

आईला डाव्या कानाने ऐकू येत नसे. तिला लहानपणी टायफॉइड झाला होता म्हणून, असं मला सांगितलेलं. तिच्याशी बोलायचं तर उजवीकडे जायचं, ही माझी चालायला लागल्यापासूनची सवय. मी विचारलं, "आई, तुझा कान?"

"तू पोटात होतीस तेव्हा," ती म्हणाली.

गजरा उचलून मी कॉरिडॉरमध्ये गेले आणि कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये टाकला. परत येऊन हात धुतले, पुन्हा धुतले. वास जात नव्हता.

संध्याकाळी पुण्याला दादाला फोन केला. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मला वाटलं, तो म्हणेल, दुखण्यात माणूस काहीही बोलतं, औषधांचा परिणाम असेल. खरं तर त्याने तसंच म्हणावं असं मला वाटत होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी जागा असायचो," आणि फोन ठेवला.

दोन-तीन दिवसांनी मी आईला विचारलं, "मग तुला कुठलं फूल आवडतं?"

तिला विचार करावा लागला. "असं कोणी विचारलंच नाही." मग म्हणाली, "खाली सर्कलवर लावतात ना, जांभळी, पांढरी? नाव माहीत नाही. ती बरी वाटतात. देवाला कोणी वाहत नाही, केसांत कोणी माळत नाही. उगीच असतात."

ती पेटुनियाची फुलं. दुबईत हिवाळाभर रस्तोरस्ती लावलेली असतात. शुक्रवारी दुपारी मी आणि लेक वर्सानला रोपांच्या नर्सऱ्यांत गेलो. कुंड्या गाडीत ठेवताना दुकानदार म्हणाला, "मॅडम, ठंडी का फूल है. गर्मी आयी, खलास." मी म्हटलं, चालेल.

बाल्कनीत कुंड्या मांडल्या, आईचा पलंग काचेजवळ ओढला. ती पडून बघायची. कधी म्हणायची, त्या कडेच्या कुंडीतली वाळलेली खुडून टाक गं. त्या फुलांमुळे ती आनंदात होती असं मी म्हणणार नाही. वेदना खूप होत्या. घरी येणारे डॉक्टर मॉर्फिन वाढवत गेले तशी ती बघेनाशी झाली. त्या दुपारच्या गोष्टीबद्दल ती पुन्हा बोलली नाही, मीही विचारलं नाही. मार्चमध्ये ती गेली.

दादा पहिल्या विमानाने आला. जबल अलीच्या स्मशानात सगळं पार पडलं. माणसं थोडीच होती, आमच्या बिल्डिंगमधली, ऑफिसमधली. येताना गाडीत मी त्याला विचारलं, "तू मला कधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "काय सांगणार होतो?" पुढे शेख झायेद रोडला ट्रॅफिक लागला. तो अस्थी घेऊन परत गेला. आमचे फोन होतात, मुलांच्या परीक्षांबद्दल बोलतो.

आमच्या हॉलमध्ये बाबांचा फोटो होता. दादा गेल्यावर मी तो काढून कपाटात ठेवला. लेकीच्या लगेच लक्षात आलं. "व्हाय डिड यू टेक आजोबा डाउन?"

आजोबा तिचे लाडके. सुट्टीत पुण्याला गेलो की तिला खांद्यावर घेऊन ते बागेत जायचे. चौदा वर्षांच्या मुलीला काय सांगावं, किती सांगावं, मला कळेना. पण दादासारखं गप्प राहायचं नव्हतं. तिला समोर बसवून मी सगळं सांगितलं, कानाचंही.

शेवटी ती म्हणाली, "ओके." मग खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जेवायला हाक मारली तेव्हा आतून, "नंतर," असं मराठीत उत्तर आलं. मी तिचं ताट झाकून ठेवलं.