आंबिलीचा लोटा

परभणीच्या आमच्या लॅबमध्ये माझ्याइतकं पक्कं शिक्षण कुणाचंच नाही. सातवी तीन वेळा शिकलो. शेवटी मास्तरच थकले, म्हणून मी इथं काचेच्या बाटल्या धुतो. माझे किस्सेही या बाटल्यांसारखेच. चार धुवून पालथ्या घालाव्यात, तोवर मागं आणखी चार उभ्या.

*

मेंढ्यांची जीभ सुजून निळी पडते, त्या रोगावर लॅब लस करते. त्यासाठी मक्यावरच्या लष्करी अळीच्या पेशी बाटल्यांत वाढवायच्या, सत्तावीस डिग्रीला, मशीनवर हलवत. हे मी धाकट्या बहिणीला, गंगूला सांगितलं. देवगाव फाट्याजवळ तिचा मेंढ्यांचा कळप आहे, थोडा मका आहे.

"आमी अळी चिमटीत धरून मारायलोय, अन् तुमी तिला एसी लावलाय?"

मी हसलो, ती नाही हसली. आदल्या पावसाळ्यात तिचा अर्धा कळप त्याच रोगानं गेला होता.

*

मे महिन्यात पेशींच्या त्या थंड खोलीत सगळ्यांनाच काम निघतं. मोठे साहेब फाईल घेऊन आले आणि खुर्चीतच घोरायला लागले. बाटल्यांवर लावायची चिठ्ठी मी हळूच त्यांच्या पाठीवर चिकटवली: 'सतत हलवत ठेवणे.' तसेच मीटिंगला गेले. तिथं शिपायानं दोनदा येऊन त्यांची खुर्ची हलवली म्हणे.

*

लसीचं सगळं काम आमच्या शास्त्रज्ञ मॅडमचं. एकदा त्यांनी समजावलं, "काका, अळीच्या पेशीत आपण विषाणूचं नुसतं टरफल बनवतो. आत बी नसतं. मेंढीला रोग होत नाही, पण तिचं रक्त सावध होतं."

"म्हंजे चोराचा सदरा काठीला टांगून कुत्र्याला भुंकायला शिकवायचं."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. पहिली टोचणी गंगूच्या कळपाला द्यायची, हेही त्यांनीच ठरवलं. पावसाच्या आधी, कारण रोग पसरवणारी चिलटं पावसामागं येतात.

*

आमच्या उन्हात आंबिलीसाठी भिजवलेलं ज्वारीचं पीठ दुपारपर्यंत आंबट ढोण होतं. सत्तावीस डिग्रीत ते बेतानं आंबेल, हा शोध माझा. फडकं बांधून लोटा बाटल्यांमागं लपवला. मॅडमना आंबील पाजून मगच सांगायचं होतं, कुठं आंबवली ते.

तिसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या गढूळ. मॅडम किती तरी वेळ मायक्रोस्कोपवरून उठल्या नाहीत.

"काका, यीस्ट आहे. पीठ आंबतं ना, त्यातलं. इथं कुठून आलं?"

मी लोटा पुढं केला.

त्या रागावल्या नाहीत. एकेका बाटलीत स्वतः ब्लीच ओतलं. तीन महिन्यांचं काम. आता गोठवलेल्या पेशींपासून पुन्हा सुरुवात, आणि पाऊस काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. त्या दिवशी बाटल्या धुताना मला एकही किस्सा सुचला नाही.

*

श्रावणात गंगूकडं गेलो.

"गंगू, लस माझ्यापायी राहिली. आंबिलीचा लोटा मीच ठेवला व्हता तिथं."

माझ्या थापा तिला लहानपणापासून ठाऊक. मी कधी हसतो, याची तिनं वाट पाहिली. मी हसलो नाही. तेव्हा ती कुडाशी पडलेल्या मेंढीजवळ बसली, तिचं तोंड दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडं केलं. जीभ बाहेर आलेली, सुजलेली, निळी.

"दादा, लय जणांला हसवलंस. आता हिला हसव."